कॉलेजात पहिले पाऊल टाकताना

(संस्थेच्या वतीने मुळशी तालुक्यातील दहावी व बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा सत्कार पौड येथे करण्यात आला. त्या प्रसंगी केलेले भाषण.)



सत्काराच्या समारंभात पाहुण्याने मुलांचे कौतुक करावे आणि 'खूप शिका, मोठे व्हा' असा आशीर्वाद देऊन खाली बसावे, अशी रीत आहे. कौतुक मी मनापासून करतो. तुम्ही त्याला पात्र आहात. परंतु 'खूप शिका' हे तुम्ही लहानपणापासून प्रत्येक जयंतीला ऐकत आला आहात. कॉलेज सुरू झाल्यावर सोमवारी सकाळी नेमके काय करायचे, कोणाकडे जायचे, काय विचारायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज मी तेवढेच बोलणार आहे.

1984 साली मी दहावी पास होऊन मुळशी खोऱ्यातून पुण्याला अकरावी सायन्सला गेलो. वडील बांधकाम खात्याच्या रस्त्यावर बिगारी होते. आई दुसऱ्याच्या खाचरात राबत होती. दोघांनाही अक्षरओळख नव्हती, पण मुलाने शिकावे हा त्यांचा हट्ट होता. त्या सोळा वर्षांच्या मुलाला आज मला भेटता आले असते, तर एस. टी.त बसण्यापूर्वी मी त्याला चार गोष्टी सांगितल्या असत्या. त्याला सांगायच्या गोष्टी मी तुम्हाला सांगतो, कारण काळ बदलला, बस बदलली, हातात मोबाईल आला, तरी पहिल्या वर्षाची अडचण फारशी बदललेली नाही.

पहिली गोष्ट मी त्याला अशी सांगितली असती: बाळा, तुझी बुद्धी कमी नाही, तुझ्याकडे माहिती कमी आहे. या दोहोंत फार अंतर आहे, आणि ते ज्याला कळत नाही तो पोरगा पहिल्या सहामाहीतच खचतो.

ज्या घरात आजोबा कॉलेजात गेलेले असतात, त्या घरातील मुलाला पुष्कळ गोष्टी जेवताना कळतात. कोणता विषय घ्यावा, कोणते पुस्तक विकत घ्यावे आणि कोणते लायब्ररीतून आणावे, प्रॅक्टिकलची वही वेळेवर तपासून घेतली नाही तर काय होते, फॉर्मची शेवटची तारीख चुकली तर कोणाला भेटावे, हे सर्व त्याच्या कानावर पडत असते. ही सुद्धा इस्टेटच आहे. सातबाऱ्यावर ती दिसत नाही, पण पिढ्यान् पिढ्या मिळते. त्या मुलाने ती कोणाची चोरलेली नाही. आपल्याला ती वारशाने मिळालेली नाही, एवढेच. म्हणून आपल्याला ती विचारून मिळवावी लागते. आणि विचारण्याचीच आपल्या मुलांना लाज वाटते. 'आपण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल' असे वाटून मुलगा गप्प बसतो. वर्गात गप्प, ऑफिसात गप्प, आणि घरी विचारले तर 'चाललंय बरं' म्हणून गप्प.

मित्रहो, ज्यांच्या नावाने आपण येथे जमलो आहोत, त्या बाबासाहेबांच्या कॉलेजच्या दिवसांकडे या दृष्टीने पाहा. 1907 साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पुढचा भाग आपण थोडा घाईने वाचतो. 1908 साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटरपर्यंत शिकून झाल्यावर सुभेदार रामजींच्या जवळचा पैसा संपला. शिक्षण तेथेच थांबण्याची वेळ आली. त्या वेळी केळुसकर गुरुजींनी पुढाकार घेतला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कानावर ही गोष्ट घातली. महाराजांनी दरमहा 25 रुपये शिष्यवृत्ती दिली. 1912 साली बाबासाहेब बी. ए. झाले आणि 1913 साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले.

एवढ्या मोठ्या बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यालाही योग्य वेळी योग्य दार दाखविणारा माणूस लागला. मग तुम्हाआम्हाला लागला तर त्यात कमीपणा कसला? चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसतो, हे केळुसकर गुरुजींच्या नजरेस आले होते. तुम्हीही आधी वाचत बसलेले दिसले पाहिजे. मग तुमच्या कॉलेजातही एखादा केळुसकर सापडतो. तो प्राध्यापक असेल, ग्रंथपाल असेल, ऑफिसातला एखादा शिपाई असेल. मला तो वसतिगृहात राहणाऱ्या, माझ्यापेक्षा दोन वर्षे पुढे असलेल्या मावळातल्याच एका दादाच्या रूपाने भेटला. जुनी पुस्तके कोठे मिळतात, कोणत्या सरांना तासानंतर भेटलेले चालते, हे त्याने मला सांगितले. त्याने मला पैसे दिले नाहीत, पण त्याने जे दिले ते पैशाने मिळत नाही.

तेव्हा पहिल्या आठवड्यात तीन माणसांची नावे माहीत करून घ्या: तुमचे वर्गशिक्षक, शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळणारे लिपिक आणि ग्रंथपाल. त्यांना स्वतः जाऊन भेटा. आपले नाव, गाव सांगा. बाकी पुढे आपोआप होते.

दुसरी गोष्ट भाषेची. अकरावी सायन्सला गेल्यावर मराठी माध्यमातल्या मुलाला वाटते की आपण दुसऱ्या देशात आलो. मी पहिल्या तासाला बसलो तेव्हा सर बोलत होते ते फिजिक्स आहे एवढेच कळत होते. पण थोड्या दिवसांनी एक गोष्ट ध्यानात आली. सर ज्याला 'अॅक्सिलरेशन' म्हणत होते ते आमचे 'त्वरण' होते. 'मोमेंटम' म्हणजे आमचा 'संवेग', 'कंपाउंड' म्हणजे 'संयुग', 'सेल' म्हणजे 'पेशी'. वस्तू ओळखीची होती, नाव नवे होते. दहावीच्या मराठी पुस्तकात तुम्ही जे शिकलात ते वाया जात नाही. एक शंभर पानी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि इंग्रजीतही लिहा, उजवीकडे मराठी शब्द. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत हजाराच्या जवळ जाल, आणि बहुतेक पुस्तक त्या हजारातच असते. मोबाईल अर्थ लगेच सांगतो हे खरे, पण हाताने लिहिलेला शब्द डोक्यात राहतो. ज्यांनी कला किंवा वाणिज्य शाखा घेतली आहे त्यांना मराठीतून उत्तरे लिहिण्याची सोय आहे. ती जरूर घ्या. पण इंग्रजी टाळण्यासाठी शाखा निवडू नका. शाखा आवडीने आणि पुढच्या कामाचा विचार करून निवडा. मित्र गेला म्हणून तर मुळीच नको.

येथे मला आपल्या मुळशीतलीच एक गोष्ट सांगू द्या. भाताची आवणी आपण सर्वांनी केलेली आहे. तरव्यातले रोप उपटून खाचरात लावले की पहिले आठ-दहा दिवस ते पिवळे पडते. माना टाकते. बाहेरचा माणूस पाहील तर म्हणेल की हे गेले. पण आपल्यापैकी कोणी ते उपटून टाकतो का? नाही. बांध नीट करतो, पाणी धरतो, वाट पाहतो. रोपाने मूळ धरले की ते हिरवे होते आणि मग वाढ अशी घेते की बांधावरून पाहावे. गावच्या शाळेतून पुण्याच्या कॉलेजात गेलेले मूल हे असे लावलेले रोप आहे. पहिल्या चाचणीत तीसपैकी नऊ मार्क पडले, तर ते त्याचे पिवळे पडणे आहे. त्या वेळी 'मला जमणार नाही' म्हणून घरी परत येऊ नका. आणि आईवडिलांनो, तुम्हीही 'नसेल जमत तर सोड, कंपनीत लाव कुठं' असे म्हणू नका. पहिले वर्ष मूळ धरण्याचे आहे.

कंपनीचा विषय निघाला म्हणून बोलतो. हिंजवडीचे मोठे आय. टी. पार्क आपल्याच तालुक्यात आहे. पिरंगुटला कारखाने आहेत, लवळ्याला विद्यापीठे आहेत. सकाळी कंपन्यांच्या बसेस आपल्या डोळ्यांसमोरून जातात. आपली पुष्कळ मुले तेथे दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभी असतात, मुली साफसफाईच्या कामावर जातात. कोणतेही कष्टाचे काम हलके नाही. माझ्या वडिलांनी रस्त्यावर खडी फोडली, त्याचा मला अभिमान आहे. परंतु सतराव्या वर्षी महिन्याचा पगार हातात पडला की पुढचे शिक्षण बहुधा कायमचे सुटते. दाराच्या आत जाऊन बसण्याचा रस्ता कॉलेजवरूनच जातो. शिकत असताना कमवावे लागले तर जरूर कमवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा व शिका'चा रस्ता घालून दिला आहे आणि त्यांच्याच नावाने ही योजना पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत चालते. पहिल्याच महिन्यात चौकशी करा. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. काम आणि शिक्षण यांची सांगड घालता येते. मात्र त्यात शिक्षण पुढे आणि काम मागे, हा क्रम सुटता कामा नये.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. ही ऐकायला रूक्ष आहे, पण आपल्या मुलांचे वर्ष बुद्धीपेक्षा कागदामुळे जास्त वेळा वाया जाते.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना 1944 साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. ती कोणाची मेहेरबानी नाही, झगडून मिळवलेला हक्क आहे. पण हक्कालाही फॉर्म भरावा लागतो, आणि तो दर वर्षी नव्याने भरावा लागतो. आता हा फॉर्म महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात आणि बँकेचे खाते आधारला जोडलेले असावे लागते. अर्ज भरून झाला की काम संपले असे समजू नका. तो कॉलेजातून पुढे गेला की नाही, त्रुटी काढून परत आला की काय, हे पंधरा दिवसांनी पाहत राहा. अलीकडे केंद्र सरकारच्या हिश्श्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. त्यातील कॉलेजच्या फीचे पैसे आपले नाहीत. खात्यात रक्कम दिसली म्हणून मोबाईल घेतला, असे करू नका. ते ताबडतोब कॉलेजात भरा आणि पावती जपून ठेवा.

जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीनंतर इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अकरावीतच तयारीला लागा, निकालाची वाट पाहू नका. आपल्या राज्यात अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. येथे आपल्या मुळशीकरांची खास अडचण आहे. मुळशीचे धरण टाटांनी बांधले. त्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो इतिहास तुम्ही वाचला असेल. धरण झालेच, आणि कितीतरी गावे पाण्याखाली गेली. माणसे इकडेतिकडे विखुरली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचाही कागद धड राहिला नाही, मग ज्यांच्या नावावर काहीच नव्हते त्यांचे काय विचारता? अशा घरातील मुलाने आजोबा, पणजोबा कोणत्या गावचे, हे घरातील वृद्धांना आजच विचारून लिहून ठेवावे. त्यांच्या जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर, तहसील कचेरीतील जन्ममृत्यूची नोंद म्हणजे कोतवाल बुक, महार वतनाचे कागद, यांतून पुरावा निघतो. आजोबांच्या नोंदीत 'महार' आणि वडिलांच्या नोंदीत 'बौद्ध' असेल तर घाबरू नका. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत हे झाले आहे, आणि 1990 साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मान्य केल्या आहेत. वडिलांकडील चुलत्याचे किंवा चुलतभावाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सोपे होते. तेव्हा भाऊबंदकीतला अबोला या कामापुरता तरी सोडा!

वसतिगृहाचेही तसेच. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहाचा अर्ज वेळेवर करा. तेथे जागा मिळाली नाही तर 2016-17 पासून सुरू झालेली बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, तिच्या अटी वाचून अर्ज करा. रोज गावाहून येऊन-जाऊन करणाऱ्यांनी एक हिशेब करावा. पौडपासून पुणे तीसएक किलोमीटर, आणि खोऱ्यातल्या आतल्या गावांहून त्याच्या दुप्पट. दिवसाचे तीन-चार तास गाडीत जातात. ते तास वाचनाला देता आले तर ठीक, नाहीतर शहरात राहण्याची सोय पाहणे भाग आहे. बाबासाहेबांच्या सोसायटीने 1950 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा मुलांच्या राहण्याची व्यवस्था केली, ती याच कारणासाठी. खेड्यातल्या मुलाला नुसता वर्ग देऊन भागत नाही, दिवा आणि जागा द्यावी लागते.

चौथी गोष्ट जरा अवघड आहे, पण टाळता येत नाही. कॉलेजात कोणी तुमचे आडनाव विचारील आणि मग दहावीचे मार्क विचारील. त्या दोन प्रश्नांचा संबंध तुम्हाला कळेल. मी शिकत असताना एका ऑफिसात 'स्कॉलरशिपवाले वेगळे उभे राहा' असे मोठ्याने सांगितले जाई. कोणते ऑफिस ते सांगण्याचे कारण नाही. सगळी रांग वळून आमच्याकडे पाही. त्या वेळी मान खाली जाते. मी त्या मुलाला सांगितले असते की मान खाली घालण्यासारखे तू काही केलेले नाहीस. आडनाव लपवू नकोस, आणि प्रत्येक टोमण्याला उत्तर देत दिवस घालवू नकोस. वर्गात पुढच्या बाकावर बस, आणि रोज बस.

परंतु टोमणा वेगळा आणि छळ वेगळा. छळ सोसायचा नसतो. महाराष्ट्रात 1999 सालापासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. महाविद्यालयांत तक्रारीसाठी समिती असते. तक्रार लेखी द्या, तारीख घाला, पोहोच घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकटे राहू नका. 2016 साली हैदराबादला रोहित वेमुला गेला. 2019 साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघेही हुशार होते, आपल्या घरातून एवढ्या वर चढलेले होते. त्यांची नावे मी तुम्हाला भीती घालण्यासाठी घेत नाही. मन जड झाले, झोप लागेना, जेवण जाईना, तर ते त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. आईला सांगा, मित्राला सांगा, या संस्थेच्या कार्यकर्त्याला रात्री बारा वाजता फोन करा. त्यात दुबळेपणा नाही. पदवीपेक्षा तुम्ही आम्हाला हवे आहात.

आता दोन शब्द पालकांसाठी. कॉलेजचे प्रवेश आणि भाताची आवणी एकाच हंगामात येतात. 'एवढी आवणी होऊ दे, मग जा' असे आपण म्हणतो. आपल्याला वाटते पंधरा दिवसांनी काय बिघडते. पण त्याच पंधरा दिवसांत प्रवेशाच्या फेऱ्या संपतात, पहिले धडे होऊन जातात, आणि मूल वर्गात शिरते ते मागे पडलेलेच शिरते. अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात, फेरी चुकली तर कोणी थांबत नाही. एक वर्ष मजूर लावा, नातेवाईक बोलवा, पण मुलाला बांधावरून मोकळे करा. आणि मुलींच्या आईवडिलांना हात जोडून विनंती आहे. 'गाडी लांबची, पोर एकटी' म्हणून मुलीचे नाव दहावीनंतर काढू नका. बारावीपर्यंत मुलींना अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एस. टी.चा मोफत पास मिळतो. गावातल्या चार मुली मिळून एकाच गाडीने जाऊ शकतात. याच पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने 1855 साली आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. त्या काळी ती शाळेत गेली, मग आज आपल्या मुलीची गाडी लांबची कशी ठरते?

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना करतो. आपण दर वर्षी सत्कार करतो, पुष्पगुच्छ देतो, हे चांगलेच आहे. परंतु आज ज्या मुलांना आपण पुष्पगुच्छ दिले, त्यांतली किती मुले पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाला गेली, याची एक वही ठेवा. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामागे कॉलेज पाहिलेला एक मोठा भाऊ किंवा ताई नेमा. काम एवढेच, महिन्यातून एकदा फोन करून विचारायचे: फॉर्म भरला का, वही तपासली का, जेवतोस का? रविवारी विहारात दोन तास फॉर्म भरण्याचे आणि कागद तपासण्याचे टेबल लावा. त्याला पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो. शिकलेल्या माणसांनी समाजाचे ऋण फेडावे असे आपण म्हणतो. हे ते ऋण आहे, आणि ते हप्त्याने फेडता येते. मी स्वतः नुकताच नोकरीतून निवृत्त झालो आहे. पहिल्या वहीत पाच मुलांपुढे माझे नाव आणि फोन नंबर लिहावा, ही विनंती.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एवढेच. दोन वर्षांनी तुमच्या मागून गावातले दुसरे मूल त्याच गाडीने येईल. ते गप्प असेल. ते विचारण्याआधी तुम्ही त्याला विचारा.